गाजरगवताची शिंक

आमच्या सरांना नागाची भीती वाटत नसे, मिटिंगची वाटे. नागांच्या खोलीत ते गुणगुणत शिरत. मिटिंगला जाण्याआधी मात्र घरी फोन करून बायकोला सांगत, "निघतोय. जेवायला थांबू नका."

धाकटीला शाळेत शूर माणसाबद्दल लिहायचं आहे आणि तिने मागच्या रविवारी मला विचारलं, "आजी, तुझ्या ओळखीत कोणी आहे का?" मी "आठवून सांगते" म्हणाले, कारण तुमच्याकडे तेव्हा सकाळ होती आणि माझ्या तव्यावर पोळी होती. आठवून पाहिलं. एक आहेत. पण ते शूर दिसत नसत. ते सारखं नाक पुसत, आणि बोलायला असे कुजकट होते की त्यांच्याकडे पाहुणे एकदाच येत. मराठीत लिहिते आहे, तुमची आई वाचून दाखवेल. ती जिथे अडेल तिथे मला फोन करेल, तेवढंच बोलणं होईल.

पुण्यातली एक संशोधन संस्था. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक मला अजून सकाळी फिरायला जाताना भेटतात. सर तिथे नागाच्या विषावर काम करत आणि मी त्यांच्या हाताखाली होते. माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे विषाबरोबर सरांचं इंग्रजी हाताळण्याचं कामही माझ्याकडेच आलं. मी एखादं वाक्य बदलू लागले की सर म्हणत, "बाई, आपण फक्त 'द' टाका. विज्ञान मी टाकलेलं आहे."

सर नारायण पेठेतून लुनावर येत. लुना इतकी हळू चालवत की एकदा शेजारून चालणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांशी त्यांनी अख्खा वाद घातला आणि जिंकला. प्रयोगशाळेत चहा पीत नसत, कोणाला पिऊही देत नसत. डबा उभ्यानेच खात. बसलं की लोक बोलायला येतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. पुण्यात जन्म काढून त्यांनी कुठेही, कधीही, एकही पाटी लावली नाही. नागांच्या खोलीच्या दाराला एक काच होती, एक कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या खिशात असे. बस. 'सावधान, विषारी साप' अशी पाटी लावा, म्हणून प्रशासन अधिकारी वर्षानुवर्षं मागे लागले होते. सर म्हणत, "पाटी वाचून पुण्यातला माणूस थांबत नाही. पाटी लावणाऱ्याला काय अधिकार, हे विचारायला तो आत येतो."

नागाबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. "नागाला रीतभात आहे, बाई. आधी फणा काढून सांगतो, फुत्कारून सांगतो, नाहीच ऐकलं तर चावतो. आमच्या पेठेत आधी चावतात, मग 'आपण कोणाकडे आलात?' विचारतात."

आता काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाग चावला की त्यावर औषध एकच, प्रतिविष. ते घोड्याच्या रक्तातून मिळतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, घोडा त्याच्याशी लढायला शिकतो, आणि त्याचं हे शिक्षण बाटलीत भरून आपल्याला देतात. सरांचं म्हणणं असं की घोड्याला शिकवायला जे विष वापरतात ते दूर दक्षिणेतल्या नागांचं. आपल्याकडच्या नागाचं विष थोडं निराळं असतं.

"म्हणजे घोड्याचा अभ्यासक्रम एका बोर्डाचा आणि परीक्षा दुसऱ्या बोर्डाची," सर म्हणत. "घोडा बिचारा पाठ केलेलं तेवढं लिहितो. त्यातून नागाच्या विषातले सगळ्यात वाईट रेणू आकाराने अगदी लहान. मागच्या बाकावर बसतात. घोड्याचं त्यांच्याकडे लक्षच जात नाही."

हेच रेणू माणसाचा श्वास बंद पाडतात. दुखतं कमी, सूजही कधी फार नसते. पापण्या जड होतात, जीभ जड होते आणि मग छाती उचलायची थांबते.

इथलं प्रतिविष इथल्या नागावर किती कमी पडतं हे मोजून दाखवायचं, एवढं एकच काम सरांना निवृत्तीआधी पुरं करायचं होतं. त्यासाठी काही नाग पाळायची वनखात्याची परवानगी त्यांनी मिळवली होती, ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. बहुतेक नाग वारज्याचे. तेव्हा तिथली शेतं जाऊन सोसायट्या उठत होत्या आणि नाग पार्किंगमध्ये सापडत होते. मी आज राहते ती सोसायटी त्यातलीच. झाडं तोडून झाल्यावर तिला बिल्डरने हिरवाईचं इंग्रजी नाव दिलं.

तर शिंक. एकदा तुलनेसाठी एका व्यापाऱ्याकडून नागाचं वाळवलेलं विष मागवलं. ते पिवळसर खड्यांसारखं दिसतं, ठेचलेल्या खडीसाखरेला हळद लागावी तसं. सरांनी कुपी उघडली, दूर धरली, जरा वेळ काहीतरी होण्याची वाट पाहिली आणि झाकण लावलं.

"परत पाठवा. विष नावाला आहे."

"सर, आपण तपासलं कुठे?"

"अनुभव."

मी तरीही तपासलं. खरंच भेसळ होती, बहुधा दुधाच्या भुकटीची. "दूधवाल्यांकडून शिकले असतील," सर म्हणाले. "ते पाणी घालतात, हे दूध घालतात."

मला मात्र तो अनुभव पचला नाही. मी व्यवस्थित बाई आहे, हे तुम्हाला तुमच्या आईने तक्रारीच्या सुरात सांगितलं असेलच. माझ्या लक्षात आलं की आमच्या स्वतःच्या नागांचं वाळवलेलं विष काट्यावर तोलायचं असलं, की त्या दिवशी सरांना शिंकांची रांग लागते. एरवी नाही. अनुभवाला शिंका येतात, हे मला नवीन होतं. ते हात धूत असताना मी विचारलं, "सर, आपल्याला विषाचीच ॲलर्जी झाली आहे ना?"

त्यांनी नळ बंद केला. "हळू बोला. संचालकांना कान आहेत. बाकीचं काही नसेल, पण कान आहेत."

वर्षानुवर्षं वाळलेल्या विषाची अदृश्य धूळ नाकात गेली की काही माणसांचं शरीर त्या विषाशी कायमचं वैर धरतं. आधी शिंका येतात. पुढे कधीतरी चिमूटभर धुळीनेही घसा सुजून बंद होऊ शकतो. आणि अशा माणसाला नाग चावला तर प्रतिविषाची बाटली फोडायलाही वेळ मिळत नाही. सरांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. कुणाला कळलं असतं तर त्याच दिवशी त्यांना त्या खोलीतून बाहेर काढलं असतं, हेही माहीत होतं.

"मग सोडा हे काम," मी म्हणाले.

"आणि करू काय? नारायण पेठेत कठड्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चुका काढू? ते आमचे शेजारी करतात. उत्तम करतात, मला तिथे वाव नाही." मग जरा मऊ आवाजात, "उन्हाळ्यापर्यंत, बाई. परवानगी संपेल, नाग सुटतील, मीही सुटेन."

मी अट घातली की काट्याचं काम यापुढे मी करणार आणि सर खिडकीशी उभे राहणार. त्यांनी अट पाळली, त्यांच्या पद्धतीने. पाय खिडकीशीच असत. मान मात्र काट्यापर्यंत येई.

लोकांना शिंकेचं कारण सांगायची वेळच आली नाही, कारण पुण्यात ते तयार होतं. गाजरगवत. बारीक पांढऱ्या फुलांचं हे गवत तेव्हा प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर माजलेलं असे आणि शहरातली कुठलीही शिंक त्याच्या नावावर जाई. सरांनी फक्त मान डोलवली. त्यांची बायको रोज थर्मासमधून सुंठीचा काढा पाठवू लागली. तो सर बेसिनमध्ये ओतत. त्या बेसिनची नळी पुढे कधी तुंबली नाही.

संचालकांना मात्र सरांच्या सर्दीची खरोखर काळजी वाटू लागली, आणि तिथून बिघडलं.

संचालक वाईट नव्हते. उत्साही होते. तो काळच तसा होता. नारायण पेठेत प्रत्येक वह्या-पुस्तकांच्या दुकानावर एक संगणकाचा क्लास निघाला होता, आणि आमचे संचालक अमेरिकेला जाऊन आल्यापासून त्यांनाही ती बाधा झाली होती. संस्थेच्या मागच्या अंगाला त्यांनी संगणक विभागाच्या इमारतीचा पाया खणायला घेतला. "आता विष काढायची गरजच राहणार नाही," ते मिटिंगमध्ये म्हणाले. "रेणू पडद्यावर फिरवून बघता येईल."

"उत्तम," सर म्हणाले. "आणि चावलाच तर पडदा बंद करायचा."

संचालक हसले, कारण त्यांना वाटलं सरांना कल्पना आवडली. मग त्यांनी जाहीर केलं की एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या आरोग्यासाठी येत्या शनिवारी सर्वांनी मिळून आवारातलं गाजरगवत उपटायचं. हातमोजे वरिष्ठांना मिळतील. फोटोग्राफर सांगितला आहे.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे मागच्या कुंपणाशी जमलो. खणलेल्या पायाची दगडमाती तिथेच टाकलेली आणि तिच्यावर कमरेएवढं गवत. संचालक नवे पांढरे बूट घालून आले. त्यांनी छोटं भाषण केलं आणि शेवटी प्रेमाने सरांकडे पाहिलं. आता काहीतरी करणं भाग होतं. सरांनी आयुष्यातली पहिली खोटी शिंक दिली. वाईट नव्हती. टाळ्या पडल्या.

फोटोसाठी संचालकांनी डाव्या हातात गवताचा मोठा जुडगा धरला, आणि उजव्या हातातला मोजा काढला, कारण फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, अंगठी दिसू द्या." तो हात त्यांनी दगडांच्या फटीशी घातला आणि म्हणाले, "काहीतरी टोचलं."

टोचणाऱ्याने दगडाआडून फणा काढून स्वतःची ओळख दिली.

आमच्या संस्थेत किती उच्चशिक्षित लोक होते ते त्या क्षणी कळलं. सगळे एकाच फाटकाकडे धावले. प्रशासन अधिकारी तेवढे रुमाल आणि ब्लेड घेऊन पुढे आले. सर त्यांच्या आडवे आले.

"ते ब्लेड दाढीला ठेवा. कापायचं नाही, बांधायचं नाही. साहेब, खाली बसा, हात हलवू नका. जीप इथे आणा. इथे! साहेब जीपकडे जाणार नाहीत, जीप साहेबांकडे येईल."

"सर, तुमचाच सुटला असणार!" कोणीतरी फाटकातून ओरडलं.

सरांनी किल्ली माझ्याकडे फेकली. मी धावत जाऊन खोली उघडून पाहून आले. आमचे सगळे आपापल्या पेटीत होते.

"आमचे घरी आहेत," सर त्या फाटकातल्याला म्हणाले. "हा मूळचा इथला. पाया खणून आपण त्याला घराबाहेर काढलं, आता अंगणही उपटतोय. त्याने जायचं कुठे? हिंजवडीला?"

जीपमध्ये सर संचालकांच्या शेजारी बसले, मी समोर. "बोलत राहा, साहेब," सर म्हणाले.

"काय बोलू?"

"इमारतीच्या उद्घाटनाचं भाषण लिहून झालं असेलच."

झालेलं होतं. संचालकांनी ते सुरू केलं. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वगैरे. सर त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. असे श्रोते संचालकांना पूर्वी कधी मिळाले नव्हते. रस्त्यात सिग्नलला जीप थांबली तेव्हा 'शतक' हा शब्द जड झाला, पुढे पापण्या मिटायला लागल्या, आणि हॉस्पिटलच्या दारात भाषण थांबलं. सर मला हळूच म्हणाले, "हे भाषण पुरं व्हावं असं मला वाटेल, हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं."

तरुण डॉक्टरने प्रतिविष लगेच सुरू केलं. बाटल्यांमागून बाटल्या गेल्या, पण पापण्या उघडेनात आणि श्वास उथळ होत गेला. श्वासाचं एकच यंत्र होतं आणि ते दुसऱ्या रुग्णाला लावलेलं होतं. डॉक्टरने नळी घातली आणि हाताने दाबायची रबरी पिशवी जोडली.

"आणखी प्रतिविष देऊ का, सर?"

"ठरल्याप्रमाणे द्या. पण आता भरवसा श्वासावर ठेवा. घोड्याला हा धडा शिकवलेला नाही."

मग आम्ही पिशवी दाबली. आधी सर, मग मी, मग एक नर्स, मग पुन्हा सर. सरांची पद्धत अशी की आपण श्वास घ्यायचा तेव्हा पिशवी दाबायची, म्हणजे लय चुकत नाही. संस्थेत ज्या दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही ते त्या दिवशी एका श्वासात होते. मध्येच सर संचालकांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे वाकून म्हणाले, "साहेब, ऐकू येत असणार तुम्हाला, मला माहीत आहे. घाबरू नका. मिटिंग माझी चालू आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पापणी हलली. संध्याकाळी नळी निघाली. संचालकांचं पहिलं वाक्य होतं, "फोटो आले का?"

सरांना आनंद झाला, आणि त्यांचा आनंद नेहमीप्रमाणे चुकीच्या ठिकाणी बाहेर पडला. "साहेब, आमच्या म्हणण्याला आपल्याइतका भक्कम पुरावा आजवर मिळाला नव्हता. आपल्यावर एक निबंध लिहू का?" संचालकांनी पुरावा व्हायला साफ नकार दिला.

पण माणूस कृतज्ञ होता. कामावर परत येताच त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. हात अजून पट्टीत होता. "तुमच्यामुळे मी जिवंत आहे," ते सरांना म्हणाले. "आता तुमची सर्दी मी मुळापासून घालवणार. राहिलेलं सगळं गवत आजच काढायला सांगितलंय. साप राहणार नाहीत आणि शिंकही राहणार नाही."

खिडकीतून मागचं कुंपण दिसत होतं. पायाच्या खणकामावरच्या मजूर बायका पदर खोचून गवताच्या कडेला उभ्या होत्या. पाय उघडे, हात उघडे. एकीने दगडमातीवर चढायला सुरुवातही केली होती.

"यांना हातमोजे?" सरांनी विचारलं.

"ते कंत्राटदार बघेल."

सरांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. उन्हाळ्याला फार दिवस राहिले नव्हते. मोजणीचं काम अर्ध्याच्या वर झालं होतं. मला वाटलं, ते काहीतरी कुजकट बोलतील आणि आम्ही परत कामाला लागू.

"साहेब, त्यांना थांबवा," सर म्हणाले. "माझी शिंक गवताची नाही."

"मग कशाची?"

"नागाची. विषाची ॲलर्जी आहे मला, बऱ्याच दिवसांची. गवताने माझं काही बिघडवलेलं नाही."

संचालक आपल्या पट्टीकडे बघत राहिले. "म्हणजे त्या शनिवारी मी जे…"

"हो. आपण अगदी मनापासून केलंत."

संचालक उठले. मग त्यांनी खिडकी उघडून स्वतः ओरडून त्या बायकांना खाली उतरवलं. दगडमाती यंत्राने उचलायचं ठरलं आणि गवत कापणाऱ्यांना गमबूट द्यायचं. हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर ते सरांकडे वळले. "आजपासून त्या खोलीत तुम्ही पाऊल टाकायचं नाही. हा हुकूम आहे. आणि मी तो तुमच्यावर उपकार म्हणून देतोय, हे तुम्हाला कळतंय."

"कळतंय," सर म्हणाले. किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

जिन्यात मी म्हणाले, "सर, थोडेच महिने राहिले होते."

"संचालकांना चावला म्हणून जीप आली, बाई," सर म्हणाले आणि पुढे उतरत गेले.

दुसऱ्या दिवशी मी आले तर नागांच्या खोलीच्या दाराबाहेर एक लाकडी खुर्ची होती आणि तिच्यावर, आयुष्यात प्रथमच, सर बसलेले होते. पाऊल टाकायचं नव्हतं, ते त्यांनी टाकलं नाही. मी आत काम करायची आणि सर बंद दाराच्या काचेतून पाहत. चुकलं की टकटक करत. बरोबर असलं की काही करत नसत, तीच शाबासकी. उन्हाळा लागायच्या आत मोजणी पुरी झाली. इथल्या नागाला ते प्रतिविष बरंच जास्त लागतं, हे कागदावर आलं. वनखात्याची माणसं येऊन नाग जंगलात सोडायला घेऊन गेली. सर जीपपर्यंत पोचवायला गेले, हात नाकाशी धरून.

निबंध छापून आला. त्यात एका रुग्णाचा उल्लेख आहे, संचालकांनी शेवटी परवानगी दिली म्हणून. सरांनी 'व्यवसाय' या रकान्यात 'भाषणे' लिहिलं होतं, ते मी खोडलं. 'द' मात्र सगळे टाकले. घोड्यांचा अभ्यासक्रम बदलला का, असं विचाराल तर माझ्या कानावर तरी अजून आलेलं नाही.

संगणकाची इमारतही पुरी झाली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली आमच्या बोळातून कॅन्टीनला जाऊ लागली. आत तेव्हा साप राहिले नव्हते, पण शीतपेटीत उरलेलं विष होतं, आणि सर खुर्चीवरून उठले नव्हते. एक दिवस त्यातला एक मुलगा दाराशी थांबला, कडीला हात लावला आणि म्हणाला, "अंकल, आत काय आहे?"

"नागाचं विष."

त्याने हात मागे घेतला. "ओ माय गॉड! मग इथे वॉर्निंगचा बोर्ड का नाही लावत तुम्ही?"

सरांनी रुमाल काढून नाक पुसलं. शिंक नव्हती, नुसती सवय.

"मी आहे ना," ते म्हणाले.